नडगी आणि नमस्कार

बँकेत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला जगात दोनच गोष्टी दिसतात : कुलूप आणि किल्ली. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात. एक हेडकॅशिअरकडे, दुसरी साहेबांकडे. एकट्यादुकट्याला ती उघडता येत नाही. म्हणजे बँकेचा हेडकॅशिअरवर विश्वास नाही आणि साहेबांवरही नाही. दोघं मिळून संगनमत करतील ही भीती मात्र बँकेला नाही, कारण या दोन जागांवरच्या माणसांचं आजवर कधी कशावरच जमलेलं नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. शिवाय भिंतीवर कॅमेरा, काउंटरखाली धोक्याची घंटा आणि दाराशी दुनळी बंदूक घेतलेला निवृत्त फौजी. हा फौजी दिवसभर पेन्शनरांना पैसे काढायच्या स्लिपा भरून देतो आणि त्या वेळी बंदूक खुर्चीला टेकवून ठेवतो, हा भाग निराळा.

पण एवढा बंदोबस्त असूनही एखाद्या बँकेवर दरोडा पडलाच, तर दुसऱ्या दिवशी तिजोरीला कुणी विचारत नाही, की बाई गं, तू रात्रीची तिथे एकटी काय करत होतीस? तुझा रंग इतका चकचकीत कशाला? आणि त्याने हात लावला तेव्हा तू ओरडली का नाहीस? तिजोरीचं चारित्र्य हा विषय कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. दरोडा हा मुकाट्याने दरोडेखोराच्या खात्यावर नावे पडतो.

बाईच्या बाबतीत मात्र आपले हिशेब उलटे होतात. म्हणूनच 'बायकांनी स्वसंरक्षण शिकावं का?' हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. उत्तर 'हो' आहे, याबद्दल वाद नाही. माझी मुलगी नववीत आहे. तिची शिकवणी संध्याकाळी साडेसातला सुटते, आणि सात पस्तीसपासून मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत असतो. आमच्या कुंड्यांतलं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणात पडतं आणि त्यावरून दोन्ही घरांत बोलणी झालेली आहेत, तरी मी पाणी घालतो. तेव्हा 'हो' हे उत्तर मी केव्हाच दिलेलं आहे; कराटेच्या वर्गाची तीन महिन्यांची फीही भरलेली आहे. प्रश्न आहे तो त्या 'हो'च्या पुढे काय लिहायचं याचा. चेकवर रक्कम अक्षरी लिहून झाली, की आपण पुढे 'फक्त' लिहितो. ते नाही लिहिलं, तर मोकळ्या जागेत कुणीही काहीही घुसडतो.

हल्ली हे शिक्षण जागोजागी मिळतं. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये जे घडलं, त्यानंतर तर त्याला भरतीच आली. सरकारी शाळांतून सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचं प्रशिक्षण असतं. ८ मार्चला तर कचेऱ्याकचेऱ्यांतून लाथाबुक्क्यांचे आवाज येतात. आमच्या शाखेत त्या दिवशी एरवी महिला कर्मचाऱ्यांना एकेक गुलाब मिळतो. एका वर्षी गुलाबाऐवजी दोन तासांचं स्वसंरक्षण शिबिर ठेवलं. वरच्या मजल्यावर, टेबलं भिंतीकडे सरकवून, समोशासहित.

शिकवायला आलेली मुलगी जेमतेम पंचविशीची, काडीसारखी. कमरेला काळा पट्टा. आम्ही पुरुष मंडळी 'काही मदत लागली तर' या सबबीवर दाराशी उभे होतो. तिने आल्याआल्या सांगितलं, "लाथ नंतर. आधी ओरडायचं. मी जवळ आले की जोरात 'नाही!' म्हणायचं."

आता आमच्या शाखेतल्या बायका म्हणजे काही गोगलगायी नव्हेत. पासबुकाच्या काउंटरवरच्या बाईंनी नुसतं "सिस्टीम बंद आहे!" म्हटलं, की रांगेतला शेवटचा पेन्शनर दचकतो. पण त्या बाईंकडे ती मुलगी हात पुढे करून गेली आणि बाई लाजून, पदर सावरून म्हणाल्या, "नको ना गं." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "अय्या, नको!" तिसऱ्या नुसत्याच हसल्या. बँकेच्या वतीने ओरडायची त्यांना सवय होती. स्वतःच्या वतीने ओरडायचा प्रसंग बहुधा पहिल्यांदाच आला होता.

ती मुलगी म्हणाली, "'नको' म्हणजे विनंती झाली. मला 'नाही' पाहिजे."

एरवी मराठी भाषेचा बारकावा मला कुणी कॉमर्सच्या वर्गात शिकवला नव्हता, तो त्या दिवशी काळ्या पट्ट्याने शिकवला. पाहुण्याने ताटात तिसरी पोळी वाढली की 'नको' म्हणतात. त्यावर वाढणारा 'अहो, घ्या हो' म्हणतो आणि पोळी पडतेच. आपल्याकडे 'नको'चा अर्थच मुळी 'आणखी थोडा आग्रह करा' असा आहे. मुलींना आपण लहानपणापासून हे पोळीचं 'नको' शिकवतो, आणि मग अडचणीच्या वेळी त्यांच्या तोंडून तेच निघतं.

जेवणाच्या सुट्टीत यावर चर्चा झाली. आमच्या हेडकॅशिअरांचं मत, "बायकांनी हे असलं कशाला शिकायचं? आपण आहोत ना!" हे 'आपण' म्हणजे ते स्वतः. झुरळ निघालं की शिपायाला हाक मारतात. शिवाय त्यांना उच्च रक्तदाब आहे आणि सहा दहाची लोकल गाठायची असते. त्यांच्या संरक्षणाखाली राहायचं, तर स्त्रीजातीने सगळी संकटं दहा ते सहाच्या दरम्यान आणि रक्तदाब बेताचा असताना ओढवून घ्यावी लागतील.

दुसरा पक्ष आमच्या कर्जविभागातल्या एका तरुण बाईंचा. त्या समोसा बाजूला ठेवून म्हणाल्या, "पण आम्हीच का शिकायचं? संध्याकाळचे दोन तास आमचे जाणार, हाडं आमची दुखणार, फी आम्ही भरणार. ज्यांच्यामुळे हे शिकायचं त्यांना कोण, काय शिकवतंय?"

यावर सगळे गप्प बसले. मुद्दा बिनतोड होता. माझा मुलगा बारावीत आहे. त्याने आजवर तबला, बुद्धिबळ, पोहणं आणि गेल्या वर्षी जर्मन अशा चार गोष्टींची फी मला भरायला लावली. 'समोरचा नाही म्हणाला, की थांबायचं' हा वर्ग मात्र कुठे भरतो, असं विचारत मी हिंडलेलो नाही, आणि विचारलं असतं तरी पत्ता कुणी दिला नसता. तो वर्ग घरीच घ्यावा लागतो, आणि त्याला फी नसल्यामुळे कुणाला त्याची किंमत वाटत नाही.

तरीपण बँकेतला माणूस म्हणून मला एक म्हणायचंच आहे. जगातले सगळे लोक प्रामाणिक होतील तेव्हा होतील. तोवर आम्ही शटर उघडं टाकून घरी जात नाही. चोराला सुधारणं हे समाजाचं काम आणि कुलूप लावणं हे आपलं. दोन्ही कामं एकाच वेळी चालू राहू शकतात.

आणि हे काही आजचं खूळ नव्हे. विलायतेत मताचा हक्क मागणाऱ्या बायकांना पोलीस रस्त्यावर फरफटत नेत, तेव्हा एडिथ गॅरड नावाच्या बाईंनी त्यांना ज्युजुत्सू शिकवायला घेतलं. बाईंची उंची पाच फुटांना एक इंच कमी. १९१३ च्या सुमारास एमेलिन पँकहर्स्ट या पुढारी बाईंना अटकेपासून वाचवायला त्यांच्या शिष्यांचं एक पथकच उभं राहिलं आणि त्यातल्या बायका झग्याखाली मुद्गल लपवून नेत. मुद्गल म्हणजे आपलेच, आखाड्यातले! साहेबाने ते इथून व्यायामाला म्हणून नेले आणि त्याच्याच देशातल्या बायकांनी ते त्याच्याच पोलिसांसमोर काढले. आपल्याकडे रवींद्रनाथांनी १९२९ साली जपानहून ताकागाकी नावाचे ज्यूदोचे गुरुजी शांतिनिकेतनात आणले. तिथे मुलीही ज्यूदो शिकत. अमर्त्य सेन यांच्या मातोश्री त्यांतल्याच. अर्थशास्त्रज्ञाच्या घरात वादाचा शेवट कसा होत असेल, याची कल्पना केलेली बरी.

पण बाईने स्वतःचं रक्षण करायला घेतलं, की समाजाला पहिली काळजी वाटते ती भलत्याचीच. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत बायका टोपीला लांबलचक टाचण्या लावत आणि गर्दीत कुणी अंगचटीला आलं की त्या उपसत. १९१० साली शिकागोच्या नगरपालिकेने यावर उपाय काढला. अंगचटीला येणाऱ्यांवर नव्हे, टाचण्यांवर! टाचणी टोपीबाहेर किती आली तर दंड, याचं माप ठरवलं. आपल्या बायकांचं नशीब थोर, की त्यांच्या पर्समधल्या सेफ्टी पिनेकडे अजून कुठल्या महापालिकेचं लक्ष गेलेलं नाही. बसमधल्या गर्दीत त्या एवढ्याशा पिनेने जेवढं समाजप्रबोधन केलं असेल, तेवढं आमच्या व्याख्यानमालेने पन्नास वर्षांत केलं नसेल.

कायद्याचं म्हणाल, तर तो बाईच्या बाजूचा आहे. स्वतःच्या शरीराचा बचाव करण्याचा हक्क १८६० च्या दंडसंहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला अशा प्रसंगी तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो बचावच धरला जातो. अट एवढीच, की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. म्हणजे खात्यात आहे तेवढंच काढायचं, ओव्हरड्राफ्ट नाही. रागाच्या भरात हा हिशेब कसा करायचा, हे मात्र कायदा सांगत नाही. त्या वेळी कॅलक्युलेटर जवळ नसतो.

पण इथेच ते 'फक्त' लिहायला विसरलं, की घोटाळा होतो. हक्क आहे म्हटलं, की चार लोक त्या मोकळ्या जागेत 'आणि कर्तव्यही' असं घुसडतात. आमच्या बी. कॉम.च्या पुस्तकात १९१८ चा एक विलायती खटला होता. एका पेढीच्या कारकुनाने दोन पौंडांचा चेक मालकापुढे सहीला ठेवला. आकड्याच्या आगेमागे जागा मोकळी, अक्षरी रक्कम लिहिलेलीच नाही. मालकाने घाईत सही केली. कारकुनाने दोनाचे एकशेवीस केले आणि पसार झाला. कोर्टाने सांगितलं, मालकाने मोकळी जागा ठेवली, नुकसान मालकाचं. परीक्षेला दहा मार्कांना हमखास यायचा.

आपला समाज बी. कॉम. झालेला नसला तरी हा खटला त्याला तोंडपाठ आहे. मुलीवर काही ओढवलं, की तो विचारतो, 'मोकळी जागा का ठेवलीस? रात्री का गेलीस? कराटे शिकली होतीस ना, मग लाथ का नाही मारलीस?' पण त्या निकालाचं कारण कुणी वाचत नाही. चेक काळजीपूर्वक लिहायचं बंधन मालकावर होतं, कारण त्याने त्या बँकेत खातं उघडलं होतं. खातेदार आणि बँक यांच्यात करार असतो. मुलीने रस्त्यावरच्या गुंडाकडे खातं उघडलेलं नसतं. आपण काळजीने वागू, असं तिने त्याला कधीच लिहून दिलेलं नसतं. ती सावध राहिली तर तिच्या सोयीसाठी. नाही राहिली, तर त्याच्या नावावरचा एक पैसाही कमी होत नाही.

हे मी नुसतं कारकुनी खुसपट काढत नाही. या एका चुकीच्या नोंदीची किंमत आपल्याच महाराष्ट्रात एका मुलीने मोजलेली आहे. १९७२ साली, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि दोन्ही पोलीस सुटले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, हा निकालातला एक मुद्दा. म्हणजे ती पुरेशी लढली नाही! चौकी पोलिसांची, दार आतून बंद, आणि पोरीने ज्यूदो खेळायला हवा होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ साली कायदा बदलला. तरी 'केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही' एवढं एक वाक्य कायद्यात स्वच्छ अक्षरांत यायला २०१३ साल उजाडलं.

म्हणून माझ्या मुलीच्या वर्गाच्या फीच्या पावतीमागे मी मनातल्या मनात लिहून ठेवलं आहे : 'तुला लढता यावं यासाठी, फक्त.' तू लढलंच पाहिजेस यासाठी नव्हे. भीतीने हातपाय गळाले, पळून आलीस, गप्प राहिलीस, तरी आमच्या वहीत तुझ्या नावे काहीही पडणार नाही.

आता शेवटचा आणि सगळ्यांत अवघड मुद्दा. आपण मुलीला लाथ शिकवतो ती डोळ्यांसमोर कोण ठेवून? अंधारी गल्ली, लाल डोळे, गळ्यात रुमाल, हातात सुरा. हिंदी सिनेमावाल्यांनी आपल्याला हा माणूस इतक्या वेळा दाखवलाय, की तो घरी आला तर आपण त्याला चहा विचारू. पण सरकारी आकडेवारी दरवर्षी निराळंच सांगते. बलात्काराच्या दर शंभर गुन्ह्यांत नव्वदांहून जास्त ठिकाणी आरोपी ओळखीचा असतो. बँकेत याचं आश्चर्य वाटत नाही. आमच्याकडेही बुरखा घालून येणारा दरोडेखोर क्वचित. जो बुडवतो त्याच्या अर्जावर दोन जामीनदारांच्या सह्या असतात आणि दिवाळीला त्याच्याकडून मिठाईचा पुडा आलेला असतो.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ मुलींवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलींना बारा तासांचं शिक्षण दिलं, उरलेल्यांना नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात माहितीपत्रकवाल्यांपैकी शेकडा ९.८ जणींवर बलात्कार झाला. शिकलेल्यांत हे प्रमाण ५.२ होतं. म्हणजे शिकण्याचा उपयोग होतो. पण त्या बारा तासांत लाथा थोड्या आणि बोलणं फार होतं. ओळखीच्या माणसाचा रोख वेळीच कसा ओळखायचा आणि त्याला वाईट वाटेल ही भीड बाजूला कशी सारायची, हा त्यातला मोठा धडा.

भीड! आपल्या मुलींची खरी परीक्षा आहे ती इथे. परक्याच्या नडगीवर लाथ मारायला तीन महिने पुरतात. पण ज्यांना वाकून नमस्कार करायला आपणच शिकवलं, त्यांच्या नडगीचं काय? 'काकांच्या पाया पड', 'मामांना पापा दे', 'आजोबांच्या मांडीवर बस' असं दहा वर्षं सांगायचं आणि अकराव्या वर्षी तिला कराटेच्या वर्गात घालायचं, म्हणजे स्ट्राँगरूमच्या दोन्ही किल्ल्या येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात देऊन दारावर मोठा अलार्म बसवण्यापैकी आहे.

वर्ग सुरू होऊन दीड महिना झाला असेल. रविवारी आमच्याकडे एक बडे साहेब आले. बदल्यांचे कागद ज्यांच्या टेबलावरून जातात असे साहेब. माणूस हसतमुख. मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली तसा त्यांनी हात लांबवून तिचा गाल चिमटीत धरला. "केवढी मोठी झाली!" तिने ग्लास खाली ठेवला, एक पाऊल मागे सरली आणि शांतपणे म्हणाली, "नाही. मला आवडत नाही ते."

दिवाणखान्यात एकदम सामसूम. आमची सौ. पोह्यांची बशी घेऊन दारातच थांबली. साहेबांचा हात अजून हवेत होता. ते हसून माझ्याकडे बघत म्हणाले, "फारच सेन्सिटिव्ह आहे हो तुमची मुलगी."

अशा वेळी बाप नावाच्या प्राण्याने म्हणायची वाक्यं ठरलेली आहेत. 'अगं, काका आहेत ते,' किंवा 'लाडाने करतात गं.' यांपैकी एक वाक्य मी उच्चारलं असतं, तर दीड महिन्याची फी त्या क्षणी बुडीत खात्यात गेली असती. मी सौ.च्या हातून बशी घेतली आणि साहेबांच्या त्या हातात ठेवली. म्हटलं, "पोहे घ्या, साहेब. गरम आहेत तोवर हाताला काम असू द्या."

साहेबांनी पोहे खाल्ले. चांगले झालेत म्हणाले. मुलगी आत गेली, आणि जाताना तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की बदली कुठे होईल याचा मी विचार करणं सोडून दिलं. आडगावी झाली तरी एक चौकशी मी आधीच करून ठेवली आहे. तिथे मराठी शाळा आहे, दवाखाना आहे, आणि तालुक्याच्या गावी कराटेचा वर्गही भरतो. साडेसातलाच सुटतो म्हणतात. कुंड्या तेवढ्या न्यायला लागतील.